विनापरवाना मांजर

धाकटी नेमकं काय काम करते, हे लोकांना सांगताना तिच्या आईची दर वेळी पंचाईत व्हायची. मुलगी सिनेमात आहे म्हणावं, तर लोक विचारायचे, कुठल्या? मुलगी सिनेमा बघते आणि बघताना बोलते म्हणावं, तर लोक म्हणायचे, आमचीही तेच करते, आम्ही तिला गप्प बसवतो. शेवटी आईनं 'ती बँकेत आहे' असं सांगून विषयच मिटवला. त्यानंतर दोघातिघांनी धाकटीकडे कर्जाची चौकशी केली, पण तेवढं चालायचंच.

खरं काम साधं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती सिनेमाचं वर्णन करायची. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की त्या फटीत हिनं बोलायचं. दार उघडतं. बाई आत येते. ओली छत्री खुर्चीवर टाकते. माणसं पुन्हा बोलायला लागली की हिनं तोंड मिटायचं. संस्थेचे नियम दोनच होते. संवादावर बोलायचं नाही, आणि दिसतं तेवढंच सांगायचं, वाटतं ते नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांना सगळे 'शांतता' म्हणत, कारण दिवसभरात त्यांच्या तोंडून दुसरा शब्द फारसा निघत नसे. रागावले तरी शांतता, भूक लागली तरी शांतता. कोणता अर्थ कधी घ्यायचा हे सवयीनं कळायचं.

मात्र धाकटी हे काम तिथे शिकली नव्हती. तिचा दादा जन्मापासून आंधळा, आणि ही बोलायला लागली त्या दिवसापासून त्यानं हिला कामाला जुंपलेलं. खिडकीतून काय दिसतं, असं तो विचारायचा. 'काही नाही' हे उत्तर त्याला चालत नसे. मग काही नाही कसं दिसतं ते सांग, म्हणायचा. आता दादा टंकलेखनाचे वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात रहस्यपट ऐकायचा. मध्यंतराच्या आत खुनी ओळखायचा. कधी बुटांच्या आवाजावरून, कधी खोकल्यावरून, एकदा तर खुनी पडद्यावर यायच्याही आधी. त्यामुळे त्याच्याबरोबर सिनेमाला जायला घरातलं कोणी राजी नसे.

एकाच सिनेमानं दादाला धूळ चारली होती. तो म्हणजे 'उजवा बूट'. जुना, काळापांढरा, एका नामांकित दिग्दर्शकाचा अगदी सुरुवातीचा गुन्हेपट. कॉलेजात असताना मित्र त्याला घेऊन गेले होते. त्या सिनेमात माणसं इतकी कमी बोलतात की दादाला वाटलं, थिएटरातला आवाजच गेलाय. मध्येच एक लांबच लांब शांतता आली. आजूबाजूच्या सगळ्यांनी श्वास धरून ठेवला. पुढच्या रांगेत कोणाच्या तरी मांडीवरची पिशवी घसरून पडली आणि कोणी उचलली नाही. मग अख्खं थिएटर एकदम सैल झालं. काय झालं रे, दादानं शेजारच्या मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, काही नाही, तो उभा होता.

या 'उभा होता'नं दादाचा पिच्छा सोडला नाही. तो चिडून मध्यंतरातच उठून आला होता, आणि खुनी कोण हे कोणालाही सांगू देत नसे. दरवर्षी कधीतरी जेवता जेवता तो घास हातात धरून म्हणायचा, "नुसतं उभं राहून माणूस पिशव्या कशा पाडतो?"

म्हणून संस्थेत 'उजवा बूट'चं काम आलं तेव्हा धाकटीनं त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. घरी येऊन दादाला सांगितलं की या वेळी तो कसा उभा होता ते तुला इत्थंभूत कळेल. दादा म्हणाला, "बघ हं. शब्द देतेयस." ती म्हणाली, दिला.

एक मेख होती. सिनेमा ज्यांचा, ते दिग्दर्शक हयात होते. या धंद्यातले सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची नजर म्हातारपणी हळूहळू गेली होती, आणि स्वतःचा सिनेमा पुन्हा एकदा 'बघायला' मिळेल या आशेनंच त्यांनी संस्थेला होकार दिला होता. पण अट अशी, की वर्णनातलं एकेक वाक्य आधी त्यांच्यापुढे वाचायचं. त्यांनी हं म्हटलं तरच ते ध्वनिमुद्रित होणार, आणि सगळ्या वर्णनाला त्यांनी हं म्हटलं तरच सिनेमा श्रोत्यांपर्यंत जाणार. नाहीतर डबा बंद.

त्यांच्याकडे जायच्या आधी धाकटीनं सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा त्याच्या दुकानात खून होतो आणि त्याचा उजवा बूट सापडत नाही. संशय घ्यायला तिघं: त्याचा भाऊ, त्याचा भागीदार आणि माडीवर राहणारी शिवणकाम करणारी बाई. तपासाला आलेला फौजदार सदा झोपेला आलेला. बस.

पण हा दिग्दर्शक ती गोष्ट सांगायचा कशी! त्याला कुठे जायची घाईच नव्हती. पात्र खोलीतून निघून जायचं आणि कॅमेरा मागेच राहायचा, पाहुणे गेल्यावर यजमान दारात रेंगाळावा तसा. रिकामी खोली दिसत राहायची. टेबल, दिवा, अर्धवट ओढलेला पडदा. थोड्या वेळानं आपल्यालाच वाटू लागायचं की टेबलाला सगळं माहीत आहे आणि ते सांगत नाहीये. खून तर तो दाखवतच नव्हता. भिंतीवर टांगत्या दिव्याची सावली झुलत असते, ती कोणीतरी धरल्यासारखी थांबते. झाला खून. खुन्याचा चेहरा मात्र त्यानं पहिल्याच दृश्यात समोर आणून ठेवलेला, चहाचा कप पुसताना, आणि त्यानंतर त्या चेहऱ्याकडे कोणी पुन्हा बघू नये याची चोख व्यवस्था केलेली. इतर दिग्दर्शक गोष्ट लपवण्यासाठी अंधार वापरतात. हे गृहस्थ लख्ख उजेडात लपवत होते.

या सिनेमाला तेव्हा एकच नाव ठेवलं गेलं होतं. प्रेक्षकांची दिशाभूल व्हावी म्हणून आणलेली ती शिवणवाली कोणाचीच दिशाभूल करत नाही, असं सगळ्या जाणकारांनी एकमुखानं म्हटलं होतं. धाकटीलाही ते पटलं. ती बाई दिसली की खून सोडाच, तिनं कधी टाका उसवलेला कपडा कोणाला परत केला असेल असंही वाटत नव्हतं.

मास्तरांचे डोळे गेले होते, दिग्दर्शन गेलं नव्हतं. धाकटी पहिल्या दिवशी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसली, तर त्यांनी तिला खुर्ची सरकवायला लावली, कारण तिचा आवाज खिडकीतून येत होता आणि तो दारातून यायला हवा होता. काकूंनी चहा आणला. मास्तर म्हणाले कप उजवीकडे ठेव. काकूंनी ठेवला. मास्तर हातानं चाचपून म्हणाले, "फार उजवीकडे झाला. संशय येतो." काकूंनी कप होता तिथेच ठेवला आणि आत निघून गेल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी हीच पद्धत बसवली होती आणि ती उत्तम चालत होती.

टीव्हीवर सिनेमा थांबवत थांबवत धाकटी वाचू लागली. तिनं वाचलं, भागीदार घाबरून मागे सरतो.

"भीती कुठे दिसली तुला?" मास्तरांनी विचारलं.

ती म्हणाली, चेहऱ्यावर. ते म्हणाले, चेहऱ्यावर काय दिसलं ते सांग. तिनं सिनेमा मागे नेऊन पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. भागीदाराची टाच मागच्या फळीला लागत होती, एवढंच.

"मग टाच सांग," मास्तर म्हणाले. "भीती लोक घरून घेऊन येतात."

हाच तर संस्थेचा नियम. फक्त संस्थेनं तो भिंतीवर चिकटवला होता आणि या माणसानं त्याचा सिनेमा केला होता. धाकटीला फार बरं वाटलं. त्यानंतर त्यांची गाडी सुरळीत चालली. ती टाचा, बोटं, बटणं सांगत गेली आणि मास्तर हं म्हणत गेले. शिवणवालीच्या खोलीत तिनं मशीन, कात्री, खिडकीच्या कट्ट्यावरची बशी, भिंतीला टेकलेली फूटपट्टी असं सांगितलं, तेव्हा ते जरा थबकले. बशी कसली म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, असेल, चहाची, आणि हं म्हणून पुढे गेले.

मग तो बोळ आला.

बोळ म्हणजे जिन्याखालची अरुंद वाट. टोकाला घड्याळवाल्याच्या दुकानाचं बंद दार. भाऊ दारासमोर उभा आहे, उजवा हात कोटाच्या खिशात. मागे माडीवर जाणारा जिना. कॅमेरा हलत नाही. भाऊ हलत नाही. मग खिशातला हात इतक्या सावकाश बाहेर येऊ लागतो की प्रेक्षकाचा जीव त्या मनगटात अडकतो. सुरी निघणार की किल्ली, की आणखी काय. हात पूर्ण बाहेर येतो. रिकामा असतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याबरोबर भावालाही सोडून देतात, आणि तिथेच फसतात. या एका दृश्यावर मास्तरांचं सगळं नाव उभं होतं. दादाच्या थिएटरातली पिशवी पडली ती इथेच.

धाकटीनं वाचलं, "भावाचा हात खिशात आहे. मागे जिन्यावरून एक मांजर उतरतं. शेवटच्या पायरीवर बसतं. पंजा चाटतं."

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शांतता असते तर खूश झाले असते.

"कुठलं मांजर?" मास्तर म्हणाले.

ती म्हणाली, जिन्यावरचं. मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले की त्या बोळात मांजर नाही. तो बोळ रिकामा करायला त्यांनी एक अख्खा दिवस घातला होता. पायपुसणी उचलली, खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवलं, एका भाडेकरूचा सायकलचा पंपसुद्धा त्याच्या हातापाया पडून आत ठेवायला लावला. "माझ्या चौकटीत माझ्या परवानगीशिवाय माशी बसत नाही," ते म्हणाले, "आणि तू मांजर बसवतेस." मग त्यांनी मायेनं समजावलं की शांततेला घाबरू नये, नवशिक्यांना ती भरावीशी वाटते, होतं असं.

धाकटीनं पुन्हा पाहिलं. मांजर येत होतं, बसत होतं, पंजा चाटत होतं, एकदा कॅमेऱ्याकडे बघून कंटाळत होतं आणि चौकटीबाहेर जात होतं. ती म्हणाली, मास्तर, आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी साक्षीदार बोलावले. एक त्यांचे जावई, ज्यांनी हा सिनेमा सासरी आल्यागेल्या प्रत्येक वेळी पाहिला होता आणि ते जावईपणाचं एक अंगच मानत होते. दुसरे स्वतः कॅमेरामन, त्यांना सगळे 'भिंग' म्हणत. त्यांनीच ते दृश्य टिपलेलं. दोघांनी बोळ पाहिला. दोघांनी मान हलवली. मांजर नाही. धाकटी म्हणाली, मागे जिन्यावर बघा. त्यांनी पुन्हा पाहिला, आणि पुन्हा तो हात खिशातून निघायला लागताच दोघांच्या माना एका दोरीनं ओढल्यासारख्या हाताकडे वळल्या. जावई तर शेवटी 'रिकामाच निघाला' असं समाधानानं म्हणाले, जणू या खेपेला दुसरं काही निघण्याचा संभव होता. तिसऱ्यांदा भिंगांनी मनाशी निर्धार केला की हाताकडे बघायचंच नाही. तरी बघितलं.

तेव्हा धाकटी उठली, टीव्हीजवळ गेली आणि पडद्यावर आपला तळवा ठेवून भावाचा हात झाकला.

मांजर जिन्यावरून उतरलं.

जावई खुर्चीतून अर्धवट उठले. चांगलं थोराड मांजर होतं, लपूनछपून आलेलंही नव्हतं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला वाटतं की जग बघत नाही. इथे मांजर डोळे उघडे ठेवून हिंडत होतं आणि पन्नास वर्षं जगानंच डोळे मिटले होते.

"आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे," भिंग म्हणाले.

"रंग?"

"काळापांढरा सिनेमा आहे, मास्तर," भिंग म्हणाले. "करडं आहे. सगळंच करडं आहे."

मास्तरांनी चहा मागितला आणि तो आल्यावर प्यायले नाहीत. धाकटीनं त्यांना सांगून पाहिलं की मास्तर, यात वाईट काय आहे. तुम्ही एका रिकाम्या हातानं एवढं मोठं मांजर सगळ्या दुनियेपासून लपवलंत, हे दुसऱ्या कोणाला जमलं असतं? तिला ते मनापासून वाटत होतं. पण मास्तरांना ते सांत्वन वाटलं, आणि सांत्वन त्यांना चहाइतकंच नकोसं झालं होतं. ते म्हणाले, वर्णनातून मांजर काढ.

धाकटी म्हणाली, दिसतं ते सांगायचं असा नियम आहे.

"कोणाला दिसतं?" मास्तर म्हणाले. "पन्नास वर्षांत एकाला तरी दिसलं? जे कोणीच पाहिलं नाही, ते सिनेमात आहे असं कसं म्हणतेस? डोळस माणसाला जो बोळ रिकामा वाटतो, तो तुझ्या लोकांनाही रिकामा वाटला पाहिजे. नाहीतर तू त्यांना दुसराच सिनेमा सांगतेयस."

मुद्दा बिनतोड होता, हीच अडचण होती. धाकटी एवढंच म्हणाली की ज्यांना दिसतं त्यांनी पाहिलं नाही ही त्यांची मर्जी, पण ज्यांना दिसत नाही त्यांच्या वतीनं मी कशी न पाहू? मास्तर म्हणाले, मग माझा हं नाही. मांजर गेलं तर सिनेमा श्रोत्यांपर्यंत जाईल, मांजर राहिलं तर डबा बंद. जावयांनी तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि फार हळहळून सांगितलं की आता त्यांना त्या दृश्यात मांजराशिवाय दुसरं काही दिसणार नाही.

संस्थेत तिनं सगळी हकीकत सांगितली. शांतता बराच वेळ विचार करून म्हणाले, "शांतता." याचा अर्थ या खेपेला असा होता की मांजर काढ आणि मोकळी हो.

घरी दादा वाट बघतच होता. सिनेमा उघडा न पाडता तिनं त्याला पेच सांगितला. एका दृश्यात एक गोष्ट आहे. ती गाळली तर तुला सिनेमा मिळतो. न गाळली तर मिळत नाही. ती गोष्ट कुठल्याच डोळसानं कधी पाहिलेली नाही, तेव्हा तुझं तसं काही नुकसानही नाही. आणि खरं म्हणजे, मी गाळली तरी तुला कधी कळणारही नाही.

दादानं टंकलेखन यंत्राची फीत गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आंधळं दळतंय आणि पीठ कोण खातंय ते आंधळ्याला सांगायचं नाही."

"तसं नाही रे."

"मला कळणार नाही, म्हणून तर सांगायचं असतं," तो म्हणाला. "कळलं असतं तर तुझी गरज काय होती? मी शेजारच्या मित्रालाच विचारलं असतं की. तो म्हणाला असता, काही नाही, उभा होता." थोड्या वेळानं तो म्हणाला की एवढी वर्षं थांबलो, आणखी थांबेन, त्यात काय. फीत मात्र तो उलटी गुंडाळत होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. धाकटीनं पाहिलं, आणि या खेपेला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी ती मास्तरांकडे गेली ती एक मागणं घेऊन. दोनतीन श्रोत्यांना इथेच बोलवू. मी समोर बसून वर्णन करीन, मांजरासकट. तुम्ही ऐका. त्यानंतरही नको म्हणालात तर मी एका शब्दानं भांडणार नाही, डबा बंद. मास्तर नाहीच म्हणणार होते. पण स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "येऊ द्यात. खुर्च्या आहेत आपल्याकडे." कधी नव्हे ते काकू एखाद्या निर्मितीच्या बाबतीत बोलल्या होत्या, त्यामुळे मास्तरांना लगेच मुद्दा सुचला नाही, आणि तेवढ्यात ठरून गेलं.

दुपारी दादा आला, त्याचा खुर्च्या विणणारा मित्र आला आणि टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या, ज्यांना सगळं गाव एके काळी आवाजावरून ओळखायचं आणि त्या सगळ्या गावाला. तिघांनाही दिसत नव्हतं. मास्तर कोपऱ्यात बसले होते. त्यांची ओळख करून द्यायची की नाही या विचारात धाकटी असतानाच एक्स्चेंजच्या बाईंनी त्यांची काठी जमिनीला लागलेली ऐकली, आपल्यातलेच एक समजून त्यांना थोडं सरकून बसायला सांगितलं, आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून सरकले. खुर्चीवाला बसल्या बसल्या म्हणाला की ही खुर्ची मी विणलेली नाही, ज्यानं विणली त्यानं घाई केलीय.

सिनेमा सुरू झाला. धाकटी सांगत गेली. कप, टाच, दिव्याची सावली. फूटपट्टी, बशी. मग बोळ आला. तिचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. भाऊ उभा आहे. हात खिशात आहे. मागे जिन्यावरून मांजर उतरतं. पायरीवर बसतं. पंजा चाटतं. हात बाहेर येतोय. मनगट. तळवा. मांजर निघून जातं. बोटं. हात रिकामा आहे.

दादानं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. हात रिकामा निघाल्यावर त्यानं ते सोडले आणि मान हलवली, कोणीतरी जुनं कोडं समोर ठेवल्यासारखी. पुढच्या दृश्यात झोपाळू फौजदार शिवणवालीला विचारतो की त्या वेळी तुम्ही कुठे होतात, आणि ती म्हणते, खोलीला कुलूप घालून कपडे द्यायला गेले होते.

"खोटं," दादा म्हणाला.

धाकटीनं सिनेमा थांबवला. तसंही मध्यंतर आलं होतं आणि काकूंनी चहा टाकलाच होता. दादाचं मात्र चहाकडे लक्ष नव्हतं. त्यानं मांडणी केली. तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर बशी. एकदा नाही, दोनदा. एकट्या बाईच्या खिडकीत बशी कशाला? मांजराला. ते मांजर जिन्यावरून खाली आलं, म्हणजे माडीवरून आलं. म्हणजे कुलूप नव्हतंच, दार उघडं होतं. म्हणजे ती घरात होती. एक्स्चेंजच्या बाई म्हणाल्या, मला तर तिचा आवाजच पहिल्यापासून आवडला नाही, फार गोड आहे, गोड आवाजाची माणसं चुकीचा नंबर लागला तरी फोन ठेवत नाहीत. खुर्चीवाल्यानं तिला बुटाचं काय करायचं असेल असं विचारलं. त्यावर तिघंही एकदम बोलू लागले. बूट उसवून त्याचं ती काय काय शिवू शकेल याची चर्चा इतकी रंगली की चहा निवला.

कोपऱ्यात मास्तरांचा कप बशीवर वाजत होता. धाकटीनं पाहिलं. तिघांकडे कान लावून ते पुढे झुकले होते.

मध्यंतरानंतर सिनेमा आपल्या चालीनं पुढे गेला आणि खुनी भाऊ निघाला. उजवा बूट त्यानं का नेला हेही कळलं, आणि ते कारण इतकं साधं होतं की एक्स्चेंजच्या बाई 'एवढंच?' म्हणाल्या. शेवटच्या दृश्यात रिकामं दुकान दिसत राहतं. धाकटीनं ते सांगितलं आणि थांबली. टीव्ही बंद केल्यावर पहिल्यांदा खुर्चीवाला बोलला. तो दादाला म्हणाला, काय हो, तुमची शिवणवाली?

दादाच्या चेहऱ्यावर कोणाला न सापडणारी गोष्ट सापडल्यासारखं काहीतरी होतं. धाकटीनं मनातल्या मनात ते टाचेत बसवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तो आनंद होता, सरळ सरळ.

"फसवलं," दादा म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा. हात रिकामा निघाला तेव्हा मी भावाला सोडला आणि त्या बाईच्या मागे लागलो. काय माणूस आहे हा."

"त्या बाईचा संशय आला तुम्हाला?" कोपऱ्यातून मास्तरांनी विचारलं. "खरोखर आला? की नुसतं बोलायचं म्हणून?"

"मी तिला फाशी देऊन मोकळा झालो होतो," दादा म्हणाला. "तुम्हाला नाही आला? तुम्ही ऐकत होता ना?"

"मला यायला हवा होता," मास्तर म्हणाले.

दादाला ते उत्तर विचित्र वाटलं असावं, पण तेवढ्यात एक्स्चेंजच्या बाईंनी सगळ्यांना उठवलं, कारण त्यांना अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं, आणि तो पडल्यानं त्यांना काय फरक पडतो असं खुर्चीवाल्यानं विचारल्यावर त्या म्हणाल्या, मला नाही, पण मला धडकणाऱ्यांना पडतो. तिघं जिना उतरून गेले. बराच वेळ दादाचा आवाज खालून येत राहिला. तो मांजर कसं बसलं होतं ते मित्राला सांगत होता, स्वतः पाहिल्यासारखं.

मास्तर आपल्या खुर्चीत बसून होते. शिवणवालीसाठी मी किती मरमर केली होती, ते म्हणाले. तिला खोटं बोलायला लावलं, कात्री दिली, एकदा तर विनाकारण खिडकीतून बघायला लावलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही तिच्याकडे. मग त्यांनी आवाज न चढवता आत हाक मारली. "अगं, ती बशी कोणाची?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. बशी माझीच, म्हणाल्या. तुमच्या शूटिंगचे कपडे मी तिथे बसून शिवत होते ना. मांजर यायचं, उपाशी असायचं. त्यांनी ते पहिल्याच खेळाला पडद्यावर पाहिलं होतं.

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा शूटिंग काढलं असतं," काकू म्हणाल्या. "आणि काम चांगलं केलं होतं हो त्यानं. सगळ्यांत सहज तेच वाटत होतं." एवढं बोलून त्या कप गोळा करू लागल्या.

मास्तर धाकटीकडे वळले. म्हणजे तिचा आवाज जिथून यायला हवा होता त्या दाराकडे वळले. ती खिडकीपाशी होती. मांजर राहू दे, म्हणाले. सगळ्याला हं. उद्या तुमच्या त्या शांतताला सांग, ध्वनिमुद्रण सुरू करा म्हणावं.

धाकटीनं पिशवी उचलली. दादा लांब जायच्या आत त्याला गाठून सांगावं असं तिला वाटत होतं.

"थांब," मास्तर म्हणाले. "आणखी काय काय आहे त्यात?"

ती म्हणाली, कशात? ते म्हणाले, माझ्या सिनेमात. जे मी ठेवलेलं नाही ते.

धाकटीनं आठवून पाहिलं. बरंच होतं. समोरच्या गच्चीवर एक माणूस होता, दुकानाच्या काचेत कोणाची तरी सायकल होती, फौजदाराच्या सदऱ्याला एका दृश्यात खिसा होता आणि पुढच्या दृश्यात नव्हता. तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्ची दाराकडे सरकवून घेतली आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.

"पडदा काळा आहे," ती म्हणाली.

"तो माझा," मास्तर म्हणाले. "पुढे."